फोटो ‘नुसता डेटा’ असतो, म्हणून निर्धास्त राहायचं?

‘फोटो म्हणजे नुसता डेटा, तो काही प्रोग्रॅम नाही. अनोळखी फोटोवर क्लिक केलं नाही की झालं. वेबपीची ती भानगड क्रोमपुरती होती, ब्राउझर अपडेट केला की विषय मिटला. आणि ओपन सोर्समध्ये कोड उघडा ठेवला की चोर येणारच.’ हा मजकूर अजून फॉरवर्ड होतो आणि त्यावर विसंबून लोक बाकीचे अपडेट टाळतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. (वेबपी हा फोटो साठवायचा एक प्रकार आणि ‘ती भानगड’ म्हणजे तो वाचणाऱ्या कोडमध्ये सापडलेली सुरक्षेची चूक.)

‘फोटो नुसता डेटा असतो.’ असतो ना. पण तो वाचून चित्र उलगडणारा डीकोडर हा प्रोग्रॅमच असतो आणि चूक त्यात असते. सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०२३-४८६३ ही चूक पाहा (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या चुकांना दिला जाणारा नोंद क्रमांक). लॉसलेस वेबपीत, म्हणजे काहीही न गमावता साठवणाऱ्या प्रकारात, चित्र हफमन कोडनं (वारंवार येणाऱ्या गोष्टींना कमी बिट देणाऱ्या पद्धतीनं) आकसून साठवलेलं असतं आणि कुठला कोड किती बिटांचा हे फाइलच सांगते. त्या लांब्या वाचून लिबवेबपी ही वेबपी वाचणारी लायब्ररी (अनेक ॲप आपल्यात घेतात तो तयार कोड) मेमरीत तक्ते बांधते. तक्त्यांना जास्तीत जास्त किती जागा लागेल याचा आकडा आधीच काढून ठेवलेला होता. तो चुकीचा नव्हता, पण लांब्या नियमात बसणाऱ्या असतील तरच लागू होता. आणि त्या बसतात का, याची पूर्ण खात्री होण्याआधीच तक्ता भरायला सुरुवात व्हायची! मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की लिखाण ठरलेली जागा ओलांडून शेजारच्या मेमरीत जायचं. तिथं पॉइंटर (मेमरीतल्या जागांचे पत्ते) असतील तर ते बदलून प्रोग्रॅमचा ताबा घेण्याची वाट मोकळी होते. लिबवेबपी ज्या सी भाषेत लिहिली आहे, ती अशी हद्द स्वतःहून तपासत नाही. सीमा तपासणाऱ्या भाषेत बहुधा प्रोग्रॅम तिथंच थांबला असता. दुरुस्तीत आता आधी काहीही न लिहिता लागणारी जागा मोजली जाते, लांब्या तपासल्या जातात, मगच तक्ता भरतो.

‘क्लिक केलं नाही की झालं.’ हा सल्ला सर्वांत घातक वाटतो मला. सिटिझन लॅब या संशोधन गटानं त्याच महिन्यात उघड केलेल्या ब्लास्टपास हल्ल्यात आयफोनच्या आयमेसेजवरून आलेल्या अटॅचमेंटमध्ये घातक चित्रं होती आणि पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर बसवायला फोनच्या मालकानं कशालाही हात लावण्याची गरज नव्हती. थंबनेल किंवा प्रिव्ह्यू दाखवायचा तर ॲपला फाइल डीकोड करावीच लागते. ‘डॉट वेबपी’ फाइली टाळूनही भागत नाही, कारण बरेच डीकोडर फाइलचं नाव सोडून तिचे पहिले काही बाइट पाहून प्रकार ओळखतात.

‘क्रोमपुरती होती.’ या गैरसमजाला आधार आहे, हे मान्य. सुरुवातीच्या नोंदीत क्रोमचंच नाव होतं. पुढं लिबवेबपीसाठी सीव्हीई-२०२३-५१२९ असा वेगळा क्रमांक दिला गेला आणि एकाच चुकीची दुबार नोंद म्हणून तो रद्दही झाला. दरम्यान फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड या ईमेल ॲपला दुरुस्ती काढावी लागली होती. इलेक्ट्रॉन या वेब तंत्रानं ॲप बनवण्याच्या साच्यावर बांधलेल्या डेस्कटॉप ॲपचं तर विचारूच नका. प्रत्येकाच्या पोटात क्रोमियमची (क्रोम ज्यावर बांधलाय त्या ब्राउझरची) स्वतंत्र प्रत असते. तुम्ही ब्राउझर अपडेट केलात, सिस्टिमची लायब्ररीही केलीत, तरी त्या प्रती जुन्याच राहतात.

‘ओपन सोर्समुळे झालं.’ लिबवेबपी बंद कोडच्या असंख्य ॲपमध्येही आहे. तिथं ग्राहकाला ती आत आहे हेही सहसा कळत नाही. मात्र ‘हजारो डोळे पाहतात, म्हणून चूक राहणारच नाही’ हेही कुणी सांगू नये. या लायब्ररीवर ओएसएस-फझ या गूगलच्या सेवेची, बिघडवलेल्या फाइली देत राहणारी स्वयंचलित चाचणी वर्षानुवर्षं चालू होती, तरी ही चूक निसटली. कारण जागा ओलांडायला लांब्यांची नेमकी जुळणी लागते आणि ती यादृच्छिक बदलांतून सहज साधत नाही. उघड्या कोडचा फायदा दुसरीकडे आहे: दुरुस्ती कुणालाही ओळ न ओळ वाचता येते आणि आपल्याकडची प्रत कुठली हे तपासता येतं.

ही चूक लिबवेबपीच्या १.३.२ आवृत्तीत दुरुस्त झाली. पायथनची पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरत असाल तर तिच्या तयार पॅकेजमध्ये ती १०.०.१ पासून आली. सर्व्हरवर लोकांनी अपलोड केलेले फोटो लहान करणारं काही चालत असेल, तर तपासणी तिथूनच सुरू करा. तिथं अनोळखी फाइल उघडायचं टाळता येत नाही.