‘ए’ श्रेणीचे पान

नववीत असताना मी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ‘ए’ श्रेणीत उत्तीर्ण झाले, हे माझ्या सासरी सर्वांना ठाऊक आहे आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांना मी सांगते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या लेकीच्या बालवाडीतून ‘रंगकामाच्या दिवशी मदतीला पालक हवेत’ असा निरोप आला, तेव्हा पहिले नाव माझेच गेले. ही बालवाडी घराजवळच्या सिनॅगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाला, जोडलेली आहे. पुण्यात कॅम्पातले, १८६७ साली पूर्ण झालेले लाल देऊळ नावाचे सिनॅगॉग पीएमटीच्या खिडकीतून पाहिले होते, तेवढाच काय तो ज्यू धर्माशी माझा आधीचा परिचय. आता मात्र शुक्रवारी ‘शब्बात शालोम’ (ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचे अभिवादन) म्हटल्याशिवाय लेक वरणभाताला हात लावत नाही.

दिवस सप्टेंबर २०२५चे, म्हणजे आपल्याकडे पितृपंधरवडा. ज्यूंचे नवे वर्ष, ५७८६, त्या वेळी २२ तारखेच्या संध्याकाळी सुरू होणार होते आणि नेमकी त्याच दिवशी आमची घटस्थापना होती. या सणाला, म्हणजे रोश हशानाला, येते वर्ष गोड जावे म्हणून सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात. तेव्हा मुलांनी सफरचंदाचे ठसे उमटवायचे आणि तो लांबच लांब कागद पुढे सुक्कोत सणाच्या मांडवात टांगायचा, असा बेत ठरला होता. भेंडीच्या ठशांवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ वाटले. मी एक डझन चकचकीत सफरचंदे घेऊन हजर झाले.

मोरांनी ती हसून खाऊच्या टोपलीत ठेवली. (शिक्षिकेला हिब्रूत मोरा म्हणतात, पहिला महिनाभर आपण एखाद्या पक्ष्याला साद घालतो आहोत असे मला वाटत असे.) ठशांसाठी त्यांनी दबलेली, डागाळलेली सफरचंदे काढली. वेढा घातलेल्या नगराचीसुद्धा फळझाडे तोडू नयेत अशी तोराहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, आज्ञा आहे, आणि तिच्यातूनच ‘बाल तश्खीत’, म्हणजे विनाकारण नासधूस करू नये, हा नियम निघाला, असे त्या म्हणाल्या. माझ्या आजीने हेच ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ एवढ्यात उरकले असते.

मग त्यांनी मला सूचना दिल्या. मुलांना काहीही काढून दाखवायचे नाही. ‘हे काय आहे?’ असे विचारायचे नाही. ‘छान’सुद्धा म्हणायचे नाही. दिसेल तेवढे बोलायचे, ‘मला इथे एक लांब रेघ दिसते आहे,’ आणि पुढे ‘याबद्दल सांग ना’ म्हणून गप्प बसायचे. ऱ्होडा केलॉग नावाच्या अमेरिकी बाईंनी लाखो बालचित्रे गोळा करून नुसत्या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार नोंदवले आहेत, हेही मला तेव्हाच कळले. आमच्या परीक्षेत वस्तुचित्र होते, संकल्पचित्र होते. रेघोट्या ओढणाऱ्याला मात्र नापास करत.

तरीही मला राहवले नाही. एक सफरचंद मी उभे न कापता आडवे कापले आणि मधली चांदणी दाखवत जाहीर केले, “हा पाहा दावीदाचा तारा!” (ज्यूंचे ते धर्मचिन्ह.) एका चार वर्षांच्या मुलाने तिच्या टोकांवर एकेक करून बोट ठेवले, मग भिंतीवरच्या खऱ्या ताऱ्याची टोके मोजली आणि शांतपणे सांगितले, “याचं एक टोक पडलंय.” सफरचंदात बियांचे कप्पे पाच असतात आणि दावीदाच्या ताऱ्याला टोके सहा, हा हिशेब ठिपक्यांच्या रांगोळीत उभा जन्म घालवलेल्या बाईने चुकवला होता. ते टोक शोधायला सहा मुले टेबलाखाली शिरली.

बाबांचे जुने शर्ट उलटे चढवलेली ती बारा मुले पहिली पाच मिनिटे ठसे उमटवत होती. त्यानंतर सफरचंदे मागे पडली आणि हात, कोपरे, एका मुलीची वेणी अशी साधने पुढे आली. लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही रंग एकमेकांत जाऊन थोड्याच वेळात कागदभर शेणाने सारवल्यासारखा एकच रंग पसरला. मी हात पाठीमागे बांधून ‘मला इथे तपकिरी रंग दिसतो आहे’ असे म्हणत फिरत होते, आणि तेच वाक्य बारा वेळा बोलल्यावर माणसाचे काय होते, ते मला विचारा.

आमच्या लेकीचा एकच ठसा नेमका स्वच्छ उमटला होता. मोरा हात धुवायला गेलेल्या पाहून मी पर्समधला काळा मार्कर काढला आणि त्याला देठ व एक पान जोडले, शिरांसकट. लेकीने ते पाहिले. “आई, हे मी नाही काढलं,” असे म्हणून तिने तळवा रंगाच्या थाळीत बुडवला आणि पान पुरते लिंपून टाकले.

सुक्कोतचा मांडव, म्हणजे सुक्का, फांद्यांनी असा शाकारतात की रात्री वरचे तारे दिसावेत. त्या वर्षी सुक्कोतची पहिली रात्र ६ ऑक्टोबरला, ऐन कोजागरीला आली. पुढे एके रात्री त्याच फांद्यांमधून पाऊस आत आला. मुलांचे रंग पाण्याने धुऊन निघणारे असतात, माझा मार्कर पक्का होता. सकाळी लेकीला सोडायला गेले तेव्हा अख्ख्या कागदावरून तपकिरी ओघळ वाहून गेले होते आणि मधोमध शिरांसकट एक काळे पान ठसठशीत उभे होते. मोरा त्याच्यासमोर थांबल्या होत्या. मला पाहून त्या अगदी मुलांशी बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, “मला इथे एक पान दिसतं आहे. याबद्दल सांगा ना.”