स्लाइड पुढे, रेघोट्या तिथेच

मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून कोणी लाल पेन घेतलं की माझं डोकंच फिरतं. आकड्याभोवती गोल, त्याला बाण, वर माऊसने काढलेली गिचमिड अक्षरं. तिथपर्यंत चालेल हो, पण पुसायचं कोणी? कॉलच्या ॲपमधलं पेन बहुतेक वेळा स्क्रीनवर लिहितं, स्लाइडवर नाही. स्लाइड सरकते, गोल जागच्या जागी. मार्चच्या विक्रीसाठी काढलेला गोल पुढच्या स्लाइडवर खर्चाच्या आकड्यावर जाऊन बसतो. एक्सेल खाली सरकवलं की भलत्याच ओळीवर. आणि बोलणारा आपला बोलतोच आहे! मग पलीकडून कोणीतरी विचारतं, "सर, खर्चाचा आकडा चुकलाय का?" झालं, पुढची पाच मिनिटं त्यातच.

अहो, पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये कंट्रोल-पी दाबलं की पेन येतं, त्याच्या रेघा त्या स्लाइडपुरत्याच राहतात आणि नुसतं ई दाबलं की सगळं साफ. विंडोजसाठी झूमइट नावाचं स्क्रीनवर रेघा मारायचं ॲप फुकट मिळतं, त्यात एस्केप दाबलं की रेघा गायब. एक बटण! समोरची माणसं डोळे ताणून बसलेली असतात, त्यांच्यासाठी तेवढं तरी दाबा.