हेलो दिसला की लगेच नवीन फिल्टर?

दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढण्यावरच्या लेखातलं "ताऱ्याभोवती हेलो आला म्हणजे फिल्टर स्वस्तातला, बदलून टाका" हे वाक्य अजिबात पटलं नाही. हेलो म्हणजे फोटोत तेजस्वी ताऱ्याभोवती उमटणारी फिकट गोल चकती. आधी तो हेलो मोजा ना! हेलोचा सेन्सरवरचा व्यास गुणिले एफ-रेशो (दुर्बिणीची फोकल लांबी भागिले तिच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) भागिले दोन, एवढ्यावरून प्रकाश सेन्सरपासून किती लांबच्या काचेवर आपटून परत येतोय ते कळतं. हॉर्सहेड नेब्युलाच्या फोटोत शेजारच्या अल्निटाक या तेजस्वी ताऱ्याभोवती माझ्याकडे ओ-थ्री फिल्टरमध्ये (फक्त ऑक्सिजनचा हिरवट-निळा प्रकाश आत सोडणारा) मोठी चकती यायची, १६०० पिक्सेल रुंद, पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा म्हणजे साधारण ६ मिमी, स्कोप म्हणजे दुर्बीण एफ/५, हिशोब केला तर १५ मिमी, आणि तेवढ्याच अंतरावर फिल्टर बसलेला! मग फिल्टर नुसता उलटा करून जास्त चमकणारी बाजू स्कोपकडे केली, तर हेलो बराच फिका झाला, एक पैसा खर्च न करता.

आणि अंतर मिमी-दोन मिमीच निघालं तर बहुतेक वेळा सेन्सरची स्वतःची काच असते, तिथे फिल्टर बदलून काय होणार? तसंच तारा फ्रेममध्ये इकडेतिकडे सरकवून बघा, घोस्ट (परावर्तनाने उमटणारी खोटी प्रतिमा) ताऱ्याला चिकटून न राहता विरुद्ध बाजूला पळत असेल तर कॅमेऱ्यापुढे लावलेल्या रिड्यूसर (फोकल लांबी कमी करणारा) किंवा फ्लॅटनरच्या (कडेचे तारे नीट करणारा) लेन्सवर संशय घ्या. नव्याने शिकणारी मुलं असलं वाचून हजारो रुपये घालवतात हो, हे लेखात टाकाच.