‘पाणी म्हण, मगच पाणी’: हा सल्ला पाळू नका

‘मूल बोलत नाही? थेरपीची गरजच नाही!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज नाशकातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. आजीने सुनेला, सुनेने जावेला, असं करत तो नेमका त्याच घरी पोचतो जिथे तीन वर्षांचं लेकरू अजून हाकेला वळत नाही आणि ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका आहे. त्यात पाच सल्ले आहेत. चार चुकीचे किंवा अर्धवट आणि एक सरळ क्रूर. आधी तोच घेऊ.

मेसेज म्हणतो: चित्रांची कार्डं (बोलण्याऐवजी कार्ड देऊन वस्तू मागायची) दिली की मूल आळशी होतं, मग ते कधीच बोलत नाही. त्यापेक्षा वस्तू अडवून धरा. ‘पाणी’ म्हटल्याशिवाय पाणी देऊ नका, दोन दिवसांत बोलेल.

नाशकात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि तहानलेल्या पोराची अशी अडवणूक करायची? शब्द तोंडातून काढता येत नाही म्हणून ते गप्प आहे, हट्टापायी नाही. तहानेने जीभ वळायला लागत नाही. ते एवढंच शिकतं की डोकं आपटलं की शेवटी ग्लास मिळतो. पुढच्या वेळी ते पहिल्याच मिनिटाला आपटतं. नाहीतर मागणंच सोडून देतं, आणि ते जास्त वाईट.

कार्डांमुळे बोलणं थांबतं का, हे तपासून झालेलं आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 मध्ये हातांच्या खुणा, चित्रं अशा बोलण्याला पर्यायी साधनांवरच्या आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी 89 टक्क्यांचं बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं. एकाचंही कमी झालं नाही. वाढ बहुतेकांत माफक होती, हेही खरं. पण ‘कधीच बोलत नाही’ हे साफ खोटं.

कार्ड वापरायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण घोळ तिथेच होतो. घरातल्याच वस्तूचा फोटो घ्या, साधारण दोन इंची चौकोन, लॅमिनेट केलेला. सुरुवात पाण्याने नको, मूल ज्यावर जीव टाकतं अशा खाऊने करा. द्राक्ष आवडत असेल तर एकाचे उभे चार तुकडे करा: चार वेळा मागता येतं, आणि अख्खं द्राक्ष घशात अडकण्याची भीती नाही. माणसं दोन लागतात. समोरच्याच्या हातात तुकडा, मुलाच्या मागे बसलेल्याचं तोंड बंद. मुलाने तुकड्याकडे हात नेला की मागच्याने तोच हात कार्डाकडे वळवायचा, कार्ड उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावायचं. समोरच्याने त्याच क्षणी ‘द्राक्ष!’ म्हणत तुकडा द्यायचा. ‘काय हवं?’ विचारू नका. नाहीतर मूल स्वतःहून मागायचं सोडून प्रश्नाची वाट बघत बसतं. मागच्याने आधार हळूहळू काढायचा: आधी मनगट, मग कोपर, मग नुसता स्पर्श. गाडी अडते ती मागचा बोलायला लागला, समोरचा ‘आधी म्हण ना’ करू लागला, किंवा कार्डं फ्रिजवर गेली की. ती मुलाच्या हाताच्या उंचीवर हवीत. आणि पाण्याची बाटली कायम हाताशी, विनाअट.

‘मुलगे उशिराच बोलतात, पाच वर्षांपर्यंत थांबा.’ मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, मान्य. पण ते थोडेच, वर्षानुवर्षं नाही. बारा महिन्यांना बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना स्वतःचे दोन शब्द जोडणं नाही, किंवा आलेले शब्द गेले, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. आधी कान तपासा (ओएई, म्हणजे कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी तपासणी; लागली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी). 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात. त्यांच्याकडून पुढे पाठवून घ्या, नाहीतर थेट सिव्हिलला चौकशी करा.

‘मोबाईल बंद, नव्वद दिवसांत ऑटिझम गायब.’ स्क्रीन कमी कराच. जागतिक आरोग्य संघटनाही दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको म्हणते. पण ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं निदान कुठल्याही अधिकृत यादीत नाही. शिवाय मोबाईल काढून घेतलात तर त्या रिकाम्या वेळात मुलाशी जमिनीवर बसून खेळणार कोण, हे मेसेज सांगत नाही.

मेसेजचा पुढचा सल्ला: दूध-गहू बंद करा. त्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. पाचच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध तोडलंत तर कॅल्शियम कुठून आणणार? गव्हाची शंका असेल तर सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) तपासणी गहू चालू असतानाच करा. बंद केल्यावर ती भरवशाची राहत नाही.

राहिलं ‘बोलायला लागल्यावरच बालवाडीत घाला’. म्हणजे पोहता आल्यावर पाण्यात उतरा! दिवसाच्या क्रमाची चार चित्रं भिंतीवर, एका वेळी एकच छोटी सूचना, गॅदरिंगच्या तालमीत ढोल वाजू लागला की बसायला शांत कोपरा, पहिले दोन आठवडे तासभरच: यासाठी शाळेला फारसा खर्च येत नाही. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, याची केंद्राची कार्यपद्धती नोव्हेंबर 2023 मध्येच आली आहे. सेविकेला त्या कार्यपद्धतीबद्दल विचारा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 16 मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतं. गल्लीतल्या खासगी प्लेग्रुपला बऱ्याचदा मान्यताच नसते, तिथे हे कलम दाखवून उपयोग नाही. मान्यता असलेल्या शाळेने मात्र तोंडी नकार दिला, तर तो लेखी मागा.