बॅटरी शून्यावर नेऊन मग भरायची का?

कट्ट्यावर हा विषय निघाला तो माझ्यामुळे. खिशातला जुना म्युझिक प्लेयर काढून मी कठड्यावर ठेवला, तर तो सपाट बसेना. मागचं पातळ झाकण मधोमध वर आलं होतं. कडेला बोट लावलं की भोवऱ्यासारखा गरकन फिरायचा. दोन वर्षं कपाटात पडून होता. शेवटचा ऐकला तेव्हा बॅटरी संपली, आणि मी तसाच ठेवून दिला. परवा काढून चार्जिंगला लावला, तर तासाभरात चटका बसेल इतका तापला आणि झाकण उचललं.

"आधी तो उन्हातून उचल," मास्तर म्हणाले. "बॅटरी फुगलीय. आत वायू साठलाय. परत चार्जिंगला लावू नकोस, झाकण दाबून बसवायला जाऊ नकोस, आणि टोचू तर अजिबात नकोस. आणि हे खिशात घेऊन हिंडतोयस?"

मी तो सावलीत, सिमेंटच्या कोपऱ्यात ठेवला.

दादांनी मान हलवली. "मी वर्षानुवर्षं सांगतोय. बॅटरी पूर्ण शून्यावर न्यायची, मग एका दमात शंभरावर. तुम्ही पोरं मधेच लावता, मधेच काढता. तिला तेवढ्याचीच सवय लागते, मग बाकीची ताकद ती विसरते."

"दादा, ह्यानं शून्यावरच तर नेली होती," धाकटा म्हणाला. "नेली आणि विसरला."

दादांना ते लागलं. त्यांची बाजू मला मांडायलाच हवी, कारण त्यांचा नियम हवेतला नाही. त्यांची सगळी नोकरी वायरलेस सेटांच्या संगतीत गेली, आणि त्या सेटांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असायच्या. रोज थोडीशी वापरून परत भरली की त्या बॅटरीचा व्होल्टेज पुढे पुढे लवकर पडायला लागायचा, सेट लवकर मान टाकायचा. पूर्ण रिकामी करून भरली की सुधारायची. दादांनी हे हातानं केलंय, डोळ्यांनी पाहिलंय.

"नियम खरा आहे, बॅटरी बदलली," मास्तर म्हणाले. "ह्या प्लेयरमध्ये असते ती लिथियम-आयन. ती बाजारात आली १९९१ साली, सोनीनं आणली. ज्यांच्या कामातून ती उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्यात ती सवयीची भानगड व्यवहारात नाहीच. उलट शून्य हा तिचा शत्रू."

"मग माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत का लिहिलंय, की अधूनमधून पूर्ण संपवा म्हणून?" दादा सोडायला तयार नव्हते.

"ते बॅटरीसाठी नाही, पडद्यावरच्या आकड्यासाठी. आत किती चार्ज उरलाय हे यंत्र हिशेबानं ठरवतं. हिशेब हळूहळू चुकत जातो, मग २० टक्के दाखवत असतानाच प्लेयर बंद पडतो. एकदा वरपासून खालपर्यंत गेलं की हिशेब पुन्हा जुळतो. बॅटरीची ताकद त्यानं वाढत नाही."

यावर दादा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला: "शून्यावर गेली तर आत होतं तरी काय?"

मास्तरांनी खाली वाकून काडीनं मातीत दोन रेघा ओढल्या. एक तांब्याच्या पातळ पत्र्याची, त्यावर ग्रॅफाइट; दुसरी ॲल्युमिनियमची, त्यावर लिथियमचं संयुग. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. भरलेल्या सेलचा व्होल्टेज साधारण ४.२, मधला ३.७च्या आसपास. पडद्यावर शून्य दिसतं तेव्हा खरं तर थोडं शिल्लक असतं, संरक्षक सर्किट त्याआधीच प्लेयर बंद करतं. पण बंद प्लेयरमध्येही बारीक गळती चालू राहते. महिनोन्‌महिने पडून राहिला की सेल त्या सीमेच्याही खाली जातो, आणि तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. मग कधीतरी आपण हौसेनं चार्जिंगला लावतो, आणि तेच तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. मास्तरांनी रेघांच्या मधे एक ठिपका काढला आणि माझ्या प्लेयरकडे बोट दाखवलं.

"म्हणजे ठेवून द्यायचा असेल तर भरून ठेवायचा," धाकटा म्हणाला.

"तेही नाही. अर्धा भरून, बंद करून, थंड जागी. काही महिन्यांनी काढून पुन्हा अर्ध्यावर आणायचा. पूर्ण भरलेली बॅटरी आतून ताणाखाली असते. ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो थोडा हवाच. पण भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत तो जाड होत जातो आणि लिथियम त्यात कायमचं अडकतं. उन्हात उभ्या गाडीत शंभर टक्के भरलेला प्लेयर ठेवणं याहून वाईट काही नाही."

इतका वेळ ऐकत असलेल्या ताई आता म्हणाल्या, "तुमचं सगळं वर्षांचं चाललंय. माझा प्रश्न आजचा आहे. माझा प्लेयर संध्याकाळपर्यंत पुरत नाही, त्याचं सांगा."

बरोबर होतं त्यांचं. बॅटरी टिकणं म्हणजे दोन गोष्टी, आणि आमचं अर्धं भांडण त्या एकत्र केल्यामुळेच होत होतं. एका चार्जिंगमध्ये किती तास, हा एक हिशेब. ती बॅटरी किती वर्षं, हा दुसरा.

धाकट्याचं म्हणणं आवाज कमी करा. फरक पडतो, पण ताईंच्या बाबतीत दोष तिथे नव्हता. त्यांचा प्लेयर मी हातात घेतला. पडद्याचा उजेड पूर्ण, बंद व्हायची वेळ २ मिनिटं, वाय-फाय चालू, ब्लूटूथ चालू आणि कानात मात्र वायरचे हेडफोन. बटणांचं लॉक उघडं, म्हणजे पिशवीत काहीही घासलं की पडदा उजळणार. समजा ५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि नुसती गाणी वाजवायला २५ मिलिअँपिअर लागतात, तर २० तास मिळतील. पडदा सतत उजळून आणखी ७५ ओढत असेल तर उरतात ५. गाणं ऐकायला पडदा लागतच नाही. आम्ही तिथेच उजेड निम्मा केला, वेळ १० सेकंदांवर आणली, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद केलं. आवाजातला खर्ज-तार कमीजास्त करणारा इक्वलायझरही बंद केला, कारण त्याला प्रोसेसरचं काम वाढतं. ताईंना तो आवाज जरा कोरडा वाटला, तेव्हा इक्वलायझर परत लावला. ऐकण्यासाठीच तर घेतलाय.

"गाणी सारखी पुढे ढकलते मी, त्यानं?" ताईंनी विचारलं.

त्यांच्या प्लेयरला विशेष नाही, त्यात फ्लॅश मेमरी आहे, फिरणारं काही नाही. पण माझ्या हार्ड डिस्कवाल्या प्लेयरला ते फार महाग पडायचं, आणि ही युक्ती मला अजून सुंदर वाटते. २००१ साली पहिला आयपॉड आला तेव्हा त्यात ५ जीबीची छोटी फिरती डिस्क होती आणि शेजारी ३२ एमबी मेमरी. डिस्क एकदा फिरून पुढच्या सुमारे २० मिनिटांची गाणी मेमरीत भरायची आणि झोपी जायची. झोपलेली डिस्क म्हणजे वाचलेली बॅटरी. तुम्ही सारखं पुढे ढकललं, की भरलेलं वाया जाऊन डिस्क पुन्हा उठणार. दाबून लहान न केलेली फाइल असेल तर मिनिटाला १० एमबी, म्हणजे दर २-३ मिनिटांनी उठणार. रात्री कानाशी धरलं की तो उठण्याचा बारीक घुर्र आवाज ऐकू यायचा.

शेवटी अडलं ते ८० टक्क्यांवर. मास्तर म्हणाले, रोज ८०लाच काढावी. धाकटा म्हणाला, "उद्या २० टक्के कमी होतील या भीतीनं मी आजच २० टक्के सोडून देऊ?" त्याचा मुद्दा अजिबात हलका नाही. मला वाटतं, लांब जायच्या दिवशी खुशाल शंभर भरावी आणि निघावं. घरात बसून ऐकायचं असेल तेव्हा ८० पुरते. नुकसान शंभरला शिवण्यात कमी, तिथे तासन्‌तास तापत राहण्यात जास्त. आणि मधेच लावण्या-काढण्यानं काही बिघडत नाही. दोनदा ५०-५० टक्के भरली तरी पूर्ण भरण्याची एकच फेरी मोजली जाते. मास्तर आणि धाकटा दोघांनाही माझं पटलं नाही.

मी शेवटी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. त्या प्लेयरमध्ये आजीचा आवाज आहे, तिच्या शेवटच्या वर्षात रेकॉर्ड केलेला. दुसरीकडे कुठेही नाही.

मास्तर हातातली काडी टाकून माझ्याजवळ आले. "आवाज बॅटरीत नसतो रे. डिस्क शाबूत असेल तर दुरुस्तीवाला ही बॅटरी काढेल, बोर्डाला बाहेरून वीज देईल आणि फाइली उतरवेल. तू स्वतः उघडू नकोस."

दादांनी काही न बोलता आपली पत्र्याची रिकामी डबी पुढे केली. प्लेयर त्यात ठेवला, झाकण मात्र लावलं नाही, आणि ती हातात धरून मी दुरुस्तीवाल्याकडे चालत निघालो.