जुन्या शिडाच्या बोटीचे इंजिन बदलण्याच्या कामाविषयी : आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या कामाला एकच तारा देऊन आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा : काम ठरल्यापेक्षा काही आठवडे लांबले आणि बिल पहिल्या अंदाजपत्रकाच्या पुढे गेले; ५० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जागी ४० अश्वशक्तीचे बसवले आणि बोट पूर्वीपेक्षा जराही वेगाने जात नाही; चांगला पंखा (बोट ढकलणारा पाण्याखालचा प्रोपेलर) विनाकारण बदलला आणि आता बोट मागे घेताना भलत्याच बाजूला ओढते; आमचा मेकॅनिक अख्खा दिवस ‘पातळ पट्ट्यांशी खेळत बसला’ आणि त्याची मजुरी मात्र आपल्याला भरावी लागली. मुळात जुने इंजिन दुरुस्त करून भागले असते, असेही आपले मत आहे. घटना आपण लिहिल्या तशाच घडल्या, याविषयी वाद नाही. त्यांची कारणे मात्र अभिप्रायात आलेली नाहीत, आणि तेवढ्याच वयाची बोट बाळगणारे इतर लोक हा अभिप्राय वाचून निर्णय घेतील, म्हणून ती येथे मांडत आहे.

सर्वांत आधी पंख्याविषयी, कारण या संपूर्ण कामात सर्वाधिक विचार आम्ही त्यावर केला आणि सर्वाधिक रोषही त्यावरच आहे. आपले जुने इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांपर्यंत फिरत असे आणि त्याच्या गिअरबॉक्सचे प्रमाण २ ला १ होते, म्हणजे पूर्ण वेगात पंखा फिरवणारा शाफ्ट सुमारे १,८०० फेरे घेत असे. नव्या इंजिनाचा कमाल वेग ३,००० फेरे आणि गिअरबॉक्सचे प्रमाण २.६ ला १ आहे, त्यामुळे शाफ्टला जेमतेम १,१५० फेरे मिळतात. जलद फिरण्यासाठी घडवलेला लहान पंखा एवढ्या संथ शाफ्टवर बसवला, तर तो पाणी पुरेसे मागे ढकलू शकत नाही आणि इंजिनाची ताकद वापरलीच जात नाही. याउलट मोठ्या व्यासाचा, संथ फिरणारा पंखा समोरून वारा आणि लाटा असताना अधिक जोर देतो, आणि शिडाच्या बोटीला इंजिनाची खरी गरज नेमकी अशाच वेळी पडते. पंख्याचे टोक आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये व्यासाच्या किमान दहा टक्के अंतर असावे, असा संकेत आहे; आपल्या बोटीत तेवढी जागा होती, म्हणूनच हे गिअरबॉक्स निवडता आले.

शिवाय जुना पंखा डाव्या हाताचा होता. नव्या गिअरबॉक्सला उजव्या हाताचा, म्हणजे बोट पुढे जात असताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा पंखा लागतो. जुनाच ठेवला असता, तर गिअरचा दांडा पुढे ढकलल्यावर बोट मागे गेली असती. आणि रिव्हर्स गिअरवरच कायम पुढे जावे, तर या यांत्रिक गिअरबॉक्सला उत्पादकाची तशी परवानगी नाही. बोट मागे घेताना जी ओढ आपल्याला जाणवते, तीही यातूनच आलेली आहे. डाव्या हाताचा पंखा उलटा फिरताना बोटीची पिछाडी उजवीकडे नेतो, उजव्या हाताचा डावीकडे. इतकी वर्षे ज्या बाजूने धक्क्याला लागण्याची सवय हाताला झाली आहे, ती बदलावी लागते आणि सुरुवातीला हे त्रासदायक होते, हे मी नाकारत नाही. बोट सोपवताना याची कल्पना दिलेली होती. तरी एखाद्या शांत दिवशी, आजूबाजूला बोटी नसतील अशा ठिकाणी सराव करून पाहावा, अशी विनंती आहे.

वेगाविषयी लिहायचे, तर आपल्या बोटीची पाण्याच्या रेषेवरील लांबी सुमारे ९ मीटर आहे. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या जड बोटीचा व्यावहारिक कमाल वेग या लांबीवर ठरतो : लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की तो नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळतो, आणि आपल्या बाबतीत तो ७.३ नॉटच्या आसपास येतो. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. आणखी दहा अश्वशक्ती घातली, तर डिझेल जळेल, वेग फारसा वाढणार नाही. दर टनाला सुमारे चार अश्वशक्ती हा प्रचलित हिशेब आपल्या ९ टनांच्या बोटीला लावला, तरी ३६ पुरतात. मोठे इंजिन बसवणे आम्हाला विक्रीच्या दृष्टीने सोयीचेच होते, हे सहज जाता जाता नमूद करतो.

दुरुस्तीचा पर्याय आम्ही तपासलाच नाही, असे नाही. कॉम्प्रेशन चाचणीत एका सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आला होता. पण निर्णय ठरला तो थंडाव्याच्या पद्धतीवरून. आपल्या जुन्या इंजिनाच्या ब्लॉकमधून थेट खारे पाणी फिरत होते. अशा इंजिनात क्षार साचू नयेत म्हणून तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवावे लागते, जे डिझेलच्या नीट ज्वलनासाठी कमी असते, आणि तेवढे करूनही बीड आतून झिजतेच. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे बदलता येतात. गंजून पातळ झालेली ब्लॉकची भिंत परत जाड करता येत नाही. ज्या इंजिनात गोडे पाणी बंद फेऱ्यात फिरते आणि खाऱ्या पाण्याचा संबंध फक्त हीट एक्स्चेंजरशी, म्हणजे गोड्या पाण्यातील उष्णता काढून घेणाऱ्या भागाशी येतो, ते उघडून पुन्हा बांधण्याचा सल्ला आम्ही अनेकदा देतो. आपल्या इंजिनावर तसा खर्च करायला लावणे मला योग्य वाटले नाही.

विलंब आणि वाढीव खर्च यांचे मुख्य कारण इंजिनाची बैठक हे आहे. फायबरच्या थराखालील लाकूड बोल्टांच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी आणि तेल पिऊन मऊ झाले होते. इंजिन आणि त्याखालचे तेलाचे तसराळे बाहेर काढेपर्यंत ते कोणालाही दिसणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात ‘बैठकीची स्थिती इंजिन काढल्यावर पाहून स्वतंत्र दर दिला जाईल’ अशी नोंद होती. छायाचित्रे पाठवून आपली लेखी संमती घेतल्यावरच पुढचे काम सुरू केले. ओल्या लाकडावर रेझिन धरत नाही. त्यामुळे जुने काढून, वाळवून, नव्या माउंटच्या, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते त्या आधारांच्या, अंतरानुसार बैठक पुन्हा उभारण्यास लागणारा वेळ घाई करून वाचवता आला नसता. एक्झॉस्टची नळी उंच नेऊन तिच्या पाण्याच्या वाटेत सायफन तोडणारा व्हॉल्व्ह बसवणे हेही असेच आवश्यक काम होते, कारण त्याविना इंजिन बंद असताना समुद्राचे पाणी सिलिंडरपर्यंत पोहोचण्याचा धोका राहतो.

आता त्या पातळ पट्ट्या. ते फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या होत्या. गिअरबॉक्सची आणि शाफ्टची कपलिंगे (दोघांना जोडणाऱ्या चकत्या) एकमेकांसमोर आणून त्यांच्यातील फट चारही बाजूंनी मोजली जाते, आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला हा फरक ०.१ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. हे काम जमिनीवर पूर्ण करता येत नाही. बोट पाण्यात उतरली आणि डोलकाठीच्या तारा ताणल्या, की तिचा आकार किंचित बदलतो, म्हणून जमिनीवर जुळवलेले तरंगत्या बोटीत पुन्हा जुळवावे लागते. एक माउंट थोडा वर घेतला की दुसऱ्या बाजूचे माप हलते. तेव्हा एक दिवस लागला यात नवल नाही. तो दिवस वाचवला असता, तर शाफ्टचे बेअरिंग आणि गिअरबॉक्सचे सील वेळेआधीच गेले असते. मंद वेगावर इंजिन हलताना दिसते, असे आपण लिहिले आहे, ते नव्या मऊ रबरी माउंटमुळे. इंजिन हलते, म्हणूनच हादरे बोटीपर्यंत पोहोचत नाहीत. समुद्रातील चाचणीत पूर्ण भारावर इंजिनाने ३,००० फेरे काळ्या धुराविना गाठले, याची नोंद आपल्याला दिलेल्या कागदांत आहे.

ही माउंट पहिल्या काही तासांच्या वापरात थोडी दबतात, म्हणून ५० तासांनंतर कपलिंगची जुळणी पुन्हा तपासणे, इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे आणि व्हॉल्व्हचे अंतर पाहणे आवश्यक आहे. यातील जुळणीची मजुरी मूळ कामात धरलेली आहे, ती वेगळी घेतली जाणार नाही. तोपर्यंत नांगरावर केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी इंजिन तासन्तास मंद वेगात चालवू नये. नव्या सिलिंडरला भार मिळणे गरजेचे असते. तासमापकात ४५ चा आकडा आला की कळवावे, म्हणजे त्याच मेकॅनिकला आपल्या बोटीवर पाठवता येईल.

आपला नम्र,
कार्यशाळेचा मालक