शब्दबंबाळ म्हणजे अवघड मराठी नव्हे

सध्या एक दावा जिकडेतिकडे फिरतोय, की शब्दबंबाळ म्हणजे संस्कृत शब्दांनी भरलेली लांबलचक वाक्यांची भाषा आणि हा शब्द इंग्रजीतल्या बॉम्बास्टिकवरनं आलाय. लोक खुशाल शेअर करतायत, आणि मग कुणी जरा निगुतीने मराठी लिहिलं की खाली लगेच "किती शब्दबंबाळ" म्हणून मोकळे. याचा मला खरंच त्रास होतो.

आधी ते बॉम्बास्टिक. अहो, आपल्याकडे रक्तबंबाळ आहे ना, त्यातलाच हा बंबाळ. तिथे रक्त वाहतंय, इथे शब्द. इंग्रजीतल्या बॉम्बास्टचा जुना अर्थ कपडे फुगवायला आत भरायचा कापूस, नुसता उच्चार जुळला म्हणून नातं लागत नाही.

संस्कृत शब्दांचं म्हणाल तर गुरुत्वाकर्षण घ्या, अख्खी कल्पना एका शब्दात बसलीय, यात जास्तीचं काय आहे? दिनांक, महापौर हे सावरकरांनी दिलेले शब्द, तेही संस्कृतातनंच घडवलेले, आज कुणाला अडतात? उलट हे वाचा: "आमच्या पॅशनेट टीमच्या इनोव्हेटिव्ह व्हिजनमधून ग्रोथची एक अमेझिंग जर्नी सुरू होतेय." काम काय करतात ते कळलं का? नाही ना, मग हे शब्दबंबाळ. आणि अगदी साध्या मराठीतही ते जमतं, "मन म्हणजे मनाच्याही पलीकडचं मन, जे मनात असूनही मनाचं नसतं", वाचायला सोप्पं पण हाती काहीच लागत नाही.

लांब वाक्याला तर आपल्याकडे पल्लेदार म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. ज्ञानेश्वरी 1290 ची, एकेका मुद्द्याला उपमांमागून उपमा येतात, पण त्या अर्थ उलगडत नेतात म्हणून तिला कुणी शब्दबंबाळ म्हणत नाही.

बोजड वेगळं, पाल्हाळ वेगळं. सरकारी पत्र बोजड असेल पण त्यात तारीख, अट, मुदत सगळं असतं, आणि मुद्दा सोडून भलतीकडे भरकटणं म्हणजे पाल्हाळ.

तरी शंका असेल तर वाक्यातले निम्मे शब्द खोडून बघा, अर्थ होता तसाच राहिला तर खुशाल शब्दबंबाळ म्हणा. एखादा शब्द अडला असेल तर मात्र सरळ अर्थ विचारा, लिहिणारा आनंदाने सांगेल.